बुडालेले गाव पडद्यावर कसे उभे करतात?

(द्वितीय वर्ष कला)

चित्रपटात जे दिसते ते केव्हातरी कॅमेऱ्यापुढे प्रत्यक्ष उभे असलेच पाहिजे, असा आपणा सर्वांचा एक समज असतो. हा समज निम्मा खरा आहे. कॅमेऱ्यापुढे काहीतरी असावे लागते हे खरे. पण ते पडद्यावर दिसते तेवढेच मोठे असावे लागते, किंवा नट आणि ते एकाच जागी, एकाच वेळी असावे लागतात, असे मुळीच नाही. राजवाडा हातभर उंचीचा असू शकतो. आभाळ कापडाचे असू शकते. आणि अलीकडे तर जेथे कॅमेराच नाही अशा जागेतूनही कॅमेरा फिरवता येतो. लहान प्रतिकृती आणि संगणकातील हा अदृश्य कॅमेरा यांची सांगड कशी घालतात, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

हा विषय कलाशाखेच्या विद्यार्थिनीने का घ्यावा, असे वर्गातील काही मित्रमैत्रिणींनी विचारले. त्याचे उत्तर सरळ आहे. आमचे जुने गाव उजनीच्या पाण्याखाली आहे. भीमेवरील या धरणाचे काम १९६९ मध्ये सुरू झाले आणि १९८० मध्ये पुरे झाले. सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा बांध आणि त्यामागे ११७ टीएमसीच्या घरात पाणी मावेल असा यशवंतसागर जलाशय. करमाळा, माढा, इंदापूर, कर्जत, दौंड इतक्या तालुक्यांतील गावांच्या जमिनी त्यात गेल्या. या पाण्याने सोलापूर जिल्ह्यात ऊस आला, दूधडेऱ्या आल्या, आणि माझ्यासारखीची महाविद्यालयाची फीही त्या उसातूनच आली, हे मी विसरत नाही. पण ज्या गावाच्या गोष्टी ऐकत मी वाढले ते गाव मी पाहिलेले नाही. माझ्या आईवडिलांनीही ते नीटसे पाहिलेले नाही. त्याचे एकही छायाचित्र आमच्या घरी नाही. त्या काळी आमच्याकडे कॅमेरा येई तो फार तर लग्नात, तोही उसना. तेव्हा जे नाही, ज्याचे चित्रही नाही, ते पडद्यावर दाखवता येईल काय, हा प्रश्न माझ्यापुरता तरी नुसता कुतूहलाचा नाही.

मराठी माणसाला ही विद्या नवी नाही. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमात लोकांपुढे आणला, हे आपण शाळेत शिकतो. परंतु त्याआधी त्यांनी वाटाण्याच्या रोपट्याची एक छोटी फिल्म केली होती, तिचा उल्लेख कमी होतो. कुंडीत बी पेरायचे, कॅमेरा हलू द्यायचा नाही आणि ठराविक वेळाने एकेक चित्र घेत राहायचे. दिवसच्या दिवस चाललेली वाढ मग पडद्यावर क्षणात दिसते. पुढे आगपेटीतल्या काड्या एकेक चित्रागणिक सरकवून त्यांनी त्या नाचवल्या. 'लंकादहन' (१९१७) या चित्रपटात तर अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. कॅमेरा बंद करून पुन्हा चालू करणे, एकाच फिल्मवर दोनदा चित्र घेणे, एवढ्या साध्या भांडवलावर फाळक्यांनी देव प्रकट केले आणि गुप्त केले. कोल्हापुरात बाबूराव पेंटर हे मूळचे नाटकाचे पडदे रंगवणारे. त्यांनी कॅमेरासुद्धा घरचा बनवला. त्यांच्या 'सैरंध्री'तील (१९२०) कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटले की सरकारने त्याला हरकत घेतली. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या दामले, फत्तेलाल आणि शांताराम यांनी १९२९ मध्ये भागीदारांसह प्रभात कंपनी काढली. ती १९३३ मध्ये पुण्याला आली आणि तिच्याच जागेत १९६० पासून चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था उभी आहे. सांगावयाचे ते इतकेच, की ही माणसे सुतार, रंगारी, मूर्तिकार यांच्या जातकुळीची होती. आधी हाताने वस्तू घडवायची आणि मग तिच्यावर कॅमेरा लावायचा, हा त्यांचा क्रम होता.

आता प्रतिकृतीकडे वळू. दिवाळीत आपण सर्वांनीच किल्ला केलेला आहे. दगडविटा रचून वर चिखल लिंपायचा, हळीव किंवा मोहरी पेरायची, आणि मावळे मांडायचे. या किल्ल्याकडे उभे राहून पाहिले तर तो अंगणातला चिखल दिसतो. पण जमिनीवर पोट टेकून, एक डोळा मिटून, बुरुजाच्या पायथ्याशी नजर लावली तर तोच किल्ला आभाळाला भिडतो. प्रतिकृतीचे अर्धे शास्त्र येथेच संपते. माणसाची नजर जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर असते. प्रतिकृती एका फुटाला अर्धा इंच, म्हणजे चोविसास एक या प्रमाणात केली, तर त्या गावातल्या माणसाची नजर जमिनीपासून अडीच इंचांवर येईल. कॅमेऱ्याचे भिंग तेथेच हवे. ते वर गेले की पाहणाऱ्याला लगेच समजते की आपण खेळण्याकडे पाहत आहोत. मोठ्या कॅमेऱ्याला एवढे खाली नेणे अवघड जाते. पण हल्ली सर्वांच्या खिशात असलेला मोबाईल उलटा धरला की त्याचे भिंग जवळजवळ जमिनीला टेकते. या कामी मोबाईलचा आणखी एक गुण आहे. जवळच्या वस्तूवर भिंग रोखले की मागचे सारे धूसर होते आणि ती धूसरताच वस्तू लहान असल्याची चुगली करते. मोबाईलमधील चित्र टिपणारी चकती नखाएवढी असल्यामुळे त्यात जवळचे आणि लांबचे पुष्कळसे एकदम स्पष्ट येते. महागड्या कॅमेऱ्यात जो दोष टाळण्यासाठी भिंगाचे तोंड बारीक करून भरपूर उजेड ओतावा लागतो, तो गरिबाच्या मोबाईलमध्ये आपोआप कमी असतो.

पण स्थिर वस्तूचे ठीक. हलणाऱ्या वस्तूचे काय? येथे वेळही लहान करावा लागतो आणि ते गणित मला फार आवडले. (गणित सोडून कलाशाखेला आलेल्यांनीही हे वाचावे, अवघड नाही.) कोणतीही जड वस्तू वरून सोडली तर पहिल्या सेकंदात सुमारे सोळा फूट खाली येते. हीच वस्तू फक्त एक फूट खाली यायला पाव सेकंद लागतो. सोळावा भाग सेकंद नव्हे, पाव सेकंद. म्हणजे उंची सोळा पटींनी घटली तर वेळ चारच पटींनी घटतो. चार हे सोळाचे वर्गमूळ. म्हणून सोळास एक या प्रमाणातील बुरूज पाडायचा असेल तर कॅमेरा चौपट वेगाने चालवतात. नेहमी सेकंदाला चोवीस चित्रे घेतात, तेथे शहाण्णव घेतात आणि नेहमीच्या गतीने दाखवतात. मग हातभर बुरूज एखाद्या खऱ्या बुरुजासारखा सावकाश, जड होऊन कोसळतो. चोविसास एक या प्रमाणाला हा वेग सेकंदाला सुमारे एकशे अठरा चित्रांचा येतो, आणि मोबाईलवर 'स्लो मोशन' म्हणून जी सोय असते ती बहुधा एकशेवीस चित्रांचीच असते. हा योग कोणी मुद्दाम जुळवून आणलेला नाही, पण आमच्या कामी आला.

एक गोष्ट मात्र कोणत्याही गणिताने लहान होत नाही, ती म्हणजे पाणी. पाण्याचा थेंब प्रतिकृतीसाठी आपला आकार बदलत नाही. चोविसास एकच्या गावात पाण्याचा एक साधा थेंब तांब्याएवढा दिसतो, आणि लाट उसळवावी तर ती तांब्यातून ओतल्यासारखी दिसते. म्हणून पुराची दृश्ये घेणारे लोक प्रतिकृती शक्य तितकी मोठी करतात. चित्रपटात धरण म्हटले की ते फुटते, लोंढा येतो, घरे वाहून जातात. तसे पाहून पाहून आपल्यालाही वाटू लागते की गाव बुडते ते असेच. परंतु आमच्या भागातली वडीलधारी माणसे जे सांगतात ते अगदी निराळे आहे. पाणी लोंढ्याने आले नाही. ते चढत आले. आधी नदीकाठची मळई गेली, मग कलिंगडाच्या वाड्या, मग स्मशान, मग खालची आळी. माणसे सकाळी उठून काल लावलेल्या खुणेच्या दगडाकडे बघत. घराची कौले, सरे, दारे, चौकटी काढून बैलगाडीत भरायला वेळ मिळाला, आणि तेवढ्या वेळात मन तयार झाले असे मात्र नव्हे. असे बुडणे चित्रपटवाल्यांना नीरस वाटेल. पण प्रतिकृतीच्या दृष्टीने तेच सोयीचे आहे, कारण संथ पाण्याला थेंब नसतो, लाट नसते. ज्या पाण्यावर तरंग नाही ते हातभर आहे की कोसभर, हे डोळ्याला ओळखता येत नाही.

आणि येथे फाळक्यांचे वाटाण्याचे रोपटे पुन्हा उपयोगी पडते. समजा, गावात वीस फूट पाणी चढले. आपल्या प्रमाणात ते दहा इंच होते. पडद्यावर हे चढणे दहा सेकंद दाखवायचे तर दोनशेचाळीस चित्रे लागतील, म्हणजे प्रत्येक चित्रामागे पाणी जेमतेम एक मिलिमीटर वर यावे. तळाला भोक पाडून तेथून सलाईनच्या नळीने थेंब थेंब पाणी सोडले की हे साधते. वारा मात्र नको.

असो. आता दुसरा भाग, म्हणजे प्रतिकृती आणि खरा माणूस एकाच चित्रात कसे आणायचे. जुनी रीत अशी की माणसांसाठी फक्त दाराएवढी खरी भिंत उभारायची आणि वरचा मजला, कळस वगैरे लहान करून कॅमेऱ्याच्या जवळ टांगायचा. दोन्हींच्या रेषा जुळल्या की एकच इमारत दिसते. उजनीच्या पाण्यात उन्हाळ्यात उघडे पडणारे पळसदेवचे देऊळ पाहायला येणारे लोक कळस चिमटीत धरल्यासारखे फोटो काढतात, त्यातलाच हा प्रकार. जर्मनीत 'मेट्रोपोलिस' (१९२७) या चित्रपटाच्या वेळी शुफ्तान नावाच्या छायाचित्रकाराने आरशाची युक्ती काढली. कॅमेऱ्यापुढे तिरका आरसा ठेवून त्यात प्रतिकृतीचे प्रतिबिंब पाडायचे, आणि जेथे माणसे हवीत तेवढ्याच जागेचा पारा खरवडून टाकायचा; त्या मोकळ्या काचेतून पलीकडची खरी माणसे दिसतात. या सर्व युक्त्यांत एक अट होती. कॅमेरा हलता कामा नये.

हलला तर काय होते ते आपण रोज एस.टी.त पाहतो. रस्त्याकडेच्या बाभळी सपासप मागे जातात, लांबचे विजेचे मनोरे सावकाश जातात आणि चंद्र तर आपल्याबरोबर गावापर्यंत येतो. कोणती वस्तू किती मागे पडते यावरून डोळा अंतर ओळखतो. कॅमेरा चालू लागला आणि टांगलेला कळस जवळच्या वस्तूसारखा भरभर सरकला, तर युक्ती तेथेच उघडी पडते. मग उपाय एकच. नटाजवळचा कॅमेरा आणि प्रतिकृतीजवळचा कॅमेरा यांनी एकच चाल चालायची, पण आपापल्या मापाने. खऱ्या माणसाजवळ कॅमेरा चोवीस फूट सरकला तर चोविसास एकच्या प्रतिकृतीजवळ तो बरोबर एक फूट सरकला पाहिजे. उंचीत, वळणात, गतीत तीळभर फरक न होता. हाताने हे जमत नाही. १९७७ च्या 'स्टार वॉर्स' या अमेरिकन चित्रपटासाठी जॉन डायक्स्ट्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेऱ्याला मोटारी लावून त्याची प्रत्येक हालचाल यंत्राच्या स्मरणात ठेवण्याची सोय केली. एकदा चाललेली चाल कॅमेरा पुन्हा पुन्हा तशीच चालू शकला, आणि वेगवेगळ्या वेळी टिपलेल्या प्रतिकृती एका चित्रात बसू लागल्या.

याच्या पुढची पायरी म्हणजे संगणकातला कॅमेरा. हा कॅमेरा म्हणजे वस्तू नव्हे, हिशेब आहे. संगणकात एक पोकळी कल्पायची, तीत घरे, झाडे, जमीन मापाने मांडायची, आणि अमुक बिंदूवरून, अमुक भिंगातून पाहिले तर काय दिसेल हे संगणकाला काढायला लावायचे. खऱ्या कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्रातील दगड, कोपरे, डाग कसे सरकले यावरून संगणक उलट हिशेब करून सांगतो की कॅमेरा कोठून कोठे गेला असेल. तीच वाट कल्पित कॅमेऱ्याला दिली की दोन्ही चित्रे एकमेकांवर बसतात. हे काम करणारी ब्लेंडर नावाची आज्ञावली फुकट मिळते. 'अवतार' (२००९) या चित्रपटाच्या वेळी जेम्स कॅमेरॉन हातात एक छोटा पडदा घेऊन रिकाम्या दालनात फिरत असे आणि त्या पडद्यावर त्याला अस्तित्वात नसलेले अरण्य, तो वळेल तसे वळताना दिसे. प्रतिकृतीलाही संगणकात नेता येते. तिच्याभोवती फिरून शेकडो छायाचित्रे घ्यायची. प्रत्येक चित्रात आधीच्या चित्राचा निम्म्याहून अधिक भाग पुन्हा यावा. ती जुळवून संगणक प्रतिकृतीची हुबेहूब आकृती उभी करतो. मग हातभर गल्लीत, जेथे मोबाईलही शिरत नाही तेथे, कल्पित कॅमेरा शिरतो.

सगळेच जर संगणकात करता येते तर माती कशाला कालवायची, हा प्रश्न रास्त आहे. मोठे लोकही तो विचारतात आणि तरी मातीकडे परत येतात. 'ब्लेड रनर २०४९' (२०१७) या चित्रपटासाठी न्यूझीलंडमध्ये शहराच्या मोठमोठ्या प्रतिकृती बांधल्या गेल्या. 'द मॅन्डलोरियन' (२०१९) या मालिकेने तर दोन टोके एकत्र आणली. तीत नटांभोवती वीस फूट उंच आणि पंचाहत्तर फूट व्यासाची दिव्यांची वर्तुळाकार भिंत होती. कॅमेरा हलेल तसे त्या भिंतीवरचे वाळवंट हलत असे. आणि त्याच मालिकेतील अवकाशयानाची खरी, हाताने घडवलेली प्रतिकृती करून, यंत्राने चालणाऱ्या कॅमेऱ्याने तिचे चित्रण केले गेले. खऱ्या वस्तूवर उजेड पडतो तेव्हा तो कसा पडावा हे कोणाला ठरवावे लागत नाही, तो पडतो. संगणकात प्रत्येक ओरखडा कोणीतरी विचार करून काढावा लागतो, आणि विचार करून काढलेले ओरखडे पुष्कळदा शहाण्यासारखे दिसतात.

त्या भिंतीची एक गंमत सांगण्यासारखी आहे. ती एवढ्या खर्चाने उभारण्याचे एक मोठे कारण म्हणजे नायकाचे चकाकते चिलखत. मागे हिरवा पडदा लावून नंतर वाळवंट चिकटवले असते तर चिलखतात हिरवा पडदाच दिसला असता. आमची अडचण नेमकी हीच होती. संथ पाणी म्हणजे आडवे चिलखत. गोठ्यात प्रतिकृती मांडून पाणी सोडले तर त्यात गोठ्याचे पत्रे दिसतात. नंतर संगणकावर आभाळ बदलले तरी पाण्यातले पत्रे तसेच राहतात.

'आमची अडचण' म्हटले, तेव्हा हकिगत सांगितली पाहिजे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही पाच जणांनी आमच्या जुन्या गावातील एका आळीची प्रतिकृती करायला घेतली. सबंध गावठाण सहाशे फूट धरले तर ते पंचवीस फूट झाले असते. एवढा गोठा कोणाकडे नाही. म्हणून वेशीपासून चावडीपर्यंतचीच आळी घेतली. जुना गावनकाशा मिळाला. त्यात घरांच्या जागा आणि रस्ते आहेत, पण घरे नाहीत. कोणाच्या घराला माळवद होते, कोणाला कौले, कोणाच्या दारात कडुनिंब होता, हे कागदावर कोठेच नाही. ते चार म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात होते. आम्ही नकाशा वाढवून जमिनीवर चुन्याने आखला आणि त्यांना भोवती बसवले.

तोंडी विचारले असता ही माणसे 'व्हतं की चांगलं गाव' एवढेच सांगत. मातीचे घर समोर ठेवल्यावर मात्र त्यांचे हात हलू लागले. आजी काठीने दाखवू लागली, "हितं पायऱ्या व्हत्या, तीन. तिसरी फुटकी." तात्यांनी एक सबंध घर उचलून दोन बोटे मागे सरकवले, कारण पुढे बैल बांधायला जागा लागे. संगणकाच्या पडद्यावर त्यांना हे करता आले नसते. माती हवी याचे मला पटलेले कारण उजेडाचे नसून हे आहे.

आणि मग चावडीवरून वाद झाला. आजीच्या मते चावडीचे तोंड उगवतीला. तात्या म्हणाले, "आगं, देवळाकडं तोंड व्हतं, मी रोज बसायचो तिथं." दोघेही हटेनात. नकाशात चावडीची जागा आहे, तोंड नाही. बाकीच्या दोघांपैकी एकाला आठवेना आणि एकाने दोघांनाही होकार दिला. हा वाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही असे मला वाटते. जे चित्र आपण करू ते पाहून आमच्या नव्या गावठाणातली लहान मुले म्हणतील की जुने गाव असे होते. चित्राची ताकद एवढी मोठी आहे की दहा वर्षांनी तात्यांचे नातूसुद्धा तात्यांवर विश्वास ठेवणार नाहीत, चित्रावर ठेवतील. खोटा कळस उभा करणे या विद्येत सोपे आहे. खोटा कळस एकदा उभा राहिला की पाडणे अवघड आहे. म्हणून आम्ही असे ठरवले की कॅमेरा ज्या वाटेने चालेल त्या वाटेवरून चावडीचे तोंड दिसताच कामा नये. भिंतीची मागची बाजू आणि पारावरची सावली, एवढेच दिसावे. कल्पित कॅमेऱ्याची वाट आधीच काढून पाहता येते, त्यामुळे हे साधले. न दाखवणे हाही कॅमेऱ्याचाच एक उपयोग आहे, हे मला या वादाने शिकवले.

पाण्यातल्या पत्र्यांचा प्रश्न आमच्यातील एकाने घरचा टीव्ही आणून सोडवला. (चार दिवस त्याच्या घरच्यांची संध्याकाळची मालिका बुडाली, त्याबद्दल त्याच्या आईने आम्हा सर्वांना ऐकवले.) त्रेचाळीस इंची टीव्हीचा पडदा सुमारे साडेसदतीस इंच रुंद असतो. चोविसास एक या प्रमाणात तो पंचाहत्तर फूट होतो! आळीच्या टोकाला टीव्ही उभा केला, त्यावर पहाटेचे आभाळ आणि लांबचा माळ लावला, वरून पांढरे धोतर ताणले. पाण्यात पत्र्यांऐवजी पहाट दिसू लागली. कॅमेरा सरकवायचा तर नियम सोपा आहे. फार लांबचे दृश्य चंद्रासारखे आपल्याबरोबर यायला हवे. म्हणून मोबाईल एक इंच उजवीकडे सरकला तर टीव्हीवरचे आभाळही एक इंच उजवीकडे सरकवायचे. एकेक चित्र सुटे घेत असल्यामुळे घाई नव्हती. मोबाईल थोडा सरकवा, आभाळ तेवढेच सरकवा, नळीतून पाणी एक मिलिमीटर चढू द्या, चित्र घ्या. घरांच्या भिंतींत आम्ही थोडे सिमेंट मिसळले होते. फक्त खालच्या दोन घरांना निव्वळ पांढरी माती वापरली, कारण ती पाण्यात ढासळायची होती. खऱ्या भिंतीही अशाच ढासळल्या, आधी पायाशी फुगून, मग एकदम. तेवढे दृश्य एकशेवीसच्या वेगाने निराळे घेतले. त्या वेगाला टीव्हीचा पडदा लुकलुकतो, म्हणून तेव्हा मागे नुसते धोतर होते.

एवढे करून हाती आली ती बेचाळीस सेकंदांची फिल्म. तिच्या आरंभी आम्ही स्वच्छ अक्षरांत लिहिले आहे की ही प्रतिकृती आहे, आणि ज्यांच्या आठवणींवरून ती केली त्या चौघांची नावे दिली आहेत. त्या चौघांपैकी ज्यांना चावडीचे तोंड आठवत नव्हते ते गृहस्थ पावसाळ्यात वारले. त्यांच्या घरचे दार मात्र त्यांनी नक्की सांगितले होते आणि ते फिल्ममध्ये आहे.

वेशीच्या दगडांचे काम राहिले आहे. वेस मातीची केली तर ती मातीचीच दिसते. त्या दगडांवर टाकीचे घाव होते असे सर्वजण सांगतात, आणि ते दगड अजून जागेवर आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये बरीच खाली गेली तेव्हा ते काहींनी पाहिले. पुन्हा पाणी तसे उतरले तर त्यांची चारी बाजूंनी छायाचित्रे घेऊन खऱ्या दगडांचा पृष्ठभाग संगणकातील वेशीवर चढवता येईल. शिवाय टेपने उंची मोजली की आमचे चोविसास एक कितपत बरोबर आले तेही कळेल. त्या दिवसांत नव्या गावठाणापासून पाण्याची कड बरीच लांब जाते आणि मधल्या गाळात पाय रुततात. ट्रॅक्टर सांगून ठेवावा लागेल, कारण आजीलाही यायचे आहे.